सगळ्या आल्या का?

मराठी व्याकरण बहुमत मानत नाही. पंचवीस बायका जमल्या तर त्या 'जमल्या'. त्यांच्यात एक पुरुष येऊन उभा राहिला, की लगेच सगळे 'जमले'. पंचवीस जणींचं क्रियापद एकटा गडी येऊन बिनबोभाट आपल्या नावावर करून घेतो, सातबारा करून घेतात तसंच. लग्नाच्या मांडवात, ग्रामसभेत, एसटीत हा नियम विनातक्रार चालतो. तो मोडतो एकाच ठिकाणी: सकाळी सहाला स्पीकर लावून, ओळीत उभं राहून, समोरच्या ताईंकडे बघत हातपाय हलवायचे असतात त्या वर्गात. त्याला झुंबा म्हणा, एरोबिक्स म्हणा, नाहीतर योगवर्ग म्हणा. शिकवणारी ताई पहिल्याच दिवशी विचारते, "सगळ्या आल्या का?" आणि शेवटच्या ओळीत, दाराशी, भिंतीला जवळजवळ चिकटून उभा असलेला एकमेव पुरुष हा प्रश्न आपल्याला लागू आहे की नाही, या विचारात पडतो. 'शेतकरी', 'नागरिक', 'मतदार' या शब्दांत बायका पिढ्यान्‌पिढ्या मुकाट बसत आल्या. 'सगळ्या' या शब्दात बसायची वेळ पुरुषावर बहुधा पहिल्यांदाच येते, आणि त्याला तिथे फार अवघडल्यासारखं होतं. का होतं, एवढाच इथे प्रश्न आहे. बायकांमध्ये एकटा पडतो म्हणून, हे सगळ्यांच्या तोंडी असलेलं उत्तर आहे आणि ते चूक आहे असं माझं म्हणणं आहे.

हे तपासायचं तर वर्ग मोठ्या शहरात भरवून उपयोग नाही. तिथे शेजारचा माणूस ओळखत नसल्यामुळे लाज वाटून घ्यायला मुळात कुणी हाताशी नसतं. वर्ग भरवायचा देवळ्यात. विंचूर-प्रकाशा रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. एका अंगाला भावडबारीचा घाट, दुसऱ्या अंगाला लोहोणेर आणि गिरणा. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा यांच्या पहिल्या अक्षरांचं मिळून जे 'कसमादे' होतं, त्या मुलखात माणूस अनोळखी असला तरी आडनाव आणि गाव सांगितलं की तिसऱ्या वाक्याला सोयरीक निघते. तर समजा, लग्नसराई संपल्यावर रिकाम्या पडलेल्या एखाद्या मंगल कार्यालयात असा वर्ग सुरू झाला. येणार कोण? काही शिक्षिका, एखादी नर्स, दुकानं-दवाखान्यांच्या घरातल्या बायका, बाळंतपणानंतर वजन उतरवायला निघालेल्या दोन सुना आणि गुडघ्यांनी असहकार पुकारलेल्या तीन आज्या. आणि एक पुरुष. त्याने फी भरल्याची बातमी पाच कंदील चौकात त्याच्या आधी पोचणार, आणि चहाच्या टपरीवरून हाक येणार, "काय भो, बायास्मा नाचाले जास का?" अहिराणीत असा प्रश्न आला की उत्तराची वाट बघत नाहीत, विचारता विचारताच हसून झालेलं असतं.

एकच पुरुष धरला म्हणून कुणी तक्रार करू नये. उलट हिशेब मांडला तर तो एक किती एकटा आहे ते कळतं. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०२२ सालचे अंदाज छापून आले. भारतातल्या प्रौढ स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि पुरुषांपैकी ४२ टक्के पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरेशी म्हणजे आठवड्याला दीडशे मिनिटं, जरा धाप लागेल इतपत. आणि त्यात शेतातलं काम, घरातलं काम, येणं-जाणं असं सगळं धरलेलं आहे. म्हणजे बायकांना गरज जास्त, हे खरं. पण गरजेच्या प्रमाणात हजेरी लागली असती, तर पंचवीस जणांच्या वर्गात दहा-अकरा पुरुष दिसायला हवे होते. दिसतो एक. उरलेले दहा कुठे आहेत? टपरीवर, अकराव्याला हसत.

आता 'बायकांची लाज' हा मुद्दा. देवळ्याचा असो की देवगडचा, मराठी पुरुष बायकांदेखत अंग हलवायला लाजतो याचा काडीचा पुरावा नाही. वैशाखातली वरात आठवा. ऊन माथ्यावर, डीजेच्या भिंतीने घरांच्या काचा थरथरताहेत, दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवर माम्या, मावस-चुलत सासवा, लग्नाच्या वयाच्या मुली आणि त्यांच्या चिकित्सक आया दाटीने उभ्या आहेत. त्यांच्यासमोर हाच माणूस दातांत रुमाल धरून नाग होतो, गरज पडली तर डांबरी रस्त्यावर लोळतो, आणि दुसऱ्याच्या लग्नासाठी तीन तास घाम गाळतो. पाय ठेक्यात पडताहेत की नाही याची त्याला चिंता नसते. तोच माणूस स्वतःच्या हृदयासाठी, सावलीत, पंख्याखाली, चाळीस मिनिटं डावा गुडघा वर घ्यायला लाजतो. दोन्हीकडे बघणाऱ्या बायकाच आहेत. वरातीत तर दसपट जास्त. तेव्हा लाज बायकांची असती, तर आधी वराती बंद पडल्या असत्या.

फरक एवढाच, की वरातीत त्याला निमित्त होतं. नवरदेव आतेभाऊ होता. पुरुषाला अंग हलवायला निमित्त लागतं, आणि ते मिळालं की तो काय वाट्टेल ते करतो, हेच मला सांगायचं आहे. या मुलखाइतका याचा भक्कम पुरावा दुसरीकडे मिळणार नाही. मार्गशीर्षात कळवण-सटाणा-देवळा पट्ट्यातले आदिवासी डोंगऱ्या देवाचं व्रत धरतात. पावरीच्या सुरावर पुरुष फेर धरून अनवाणी नाचतात, आणि हे काही चाळीस मिनिटांत आटपत नाही. दिवसचे दिवस चालतं. एका तालात पाय, गोलात सगळे, पुढच्याचं बघून मागच्याने करायचं: कुठल्याही झुंबाच्या ताईने धन्य व्हावं असा हा वर्ग आहे. पण तिथे देव आहे. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी निघते. वाटेत धोतर-टोपीतले, मिशा पांढऱ्या झालेले बाप्ये एकमेकांचे हात धरून फुगडी घालतात. फुगडी! गल्लीत सुनेसमोर घातली तर म्हातारा हातचा गेला म्हणतील; पंढरीच्या वाटेवर घातली की त्याच म्हाताऱ्याच्या पाया पडतात. लेझीम आहे, पण तिला मिरवणूक आहे. कुस्ती आहे, पण तिला नारळापासून चांदीच्या गदेपर्यंत इनाम आहे आणि पाठीवर पाडायला समोर एक माणूस आहे. सूर्यनमस्काराचं तर विचारूच नका. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ज्याचा जन्मभर प्रसार केला तो व्यायाम सर्वांगाचा, तपासून घेतलेला, फुकटचा. पण नाव बघा. व्यायाम करतोय असं म्हणायचंच नाही. सूर्याला नमस्कार करतोय! साक्षात सूर्याला निमित्त म्हणून उभं करणारा समाज आहे हा.

मल्लखांबाची कथा तर जवळचीच. निजामाकडचे अली आणि गुलाब हे पहिलवान दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात आले, त्यांच्याशी कुस्ती धरायला कुणी पुढे होईना, तेव्हा बाळंभटदादा देवधर या कोवळ्या पोराने आव्हान घेतलं आणि वणीच्या गडावर सप्तशृंगीची उपासना केली. तिथे मारुतीने त्याला लाकडी खांबावरची ही कसरत दाखवली, अशी आख्यायिका आहे. दृष्टांताचा भाग श्रद्धेवर सोडू. पण आख्यायिकेची रचना पाहण्यासारखी आहे. खांबाला लटकण्याआधी केवढी तयारी करावी लागली: एक दरबार, एक अपमान, दोन शत्रू, एक देवी आणि एक देव. 'बाळंभटाला सकाळी उठून जरा मोकळं वाटावं म्हणून तो खांबावर चढला' अशी आख्यायिका कुणी रचली नसती, आणि रचली असती तर टिकली नसती.

व्यायामाचा वर्ग नेमकं हे सगळं काढून घेतो. तिथे देव नाही, नवरदेव नाही, शत्रू नाही, इनाम नाही, गुलाल नाही. पैसे भरून, घड्याळ लावून, शुद्धीत येऊन आपण कबूल करतो की मला एक शरीर आहे आणि त्याचं काहीतरी करायला पाहिजे. ही कबुली पुरुषाला जड जाते. त्याच्या लेखी शरीर म्हणजे विहिरीवरची मोटर; चालते आहे तोवर झाकण उघडायचं नाही, धूर आला की मग वायरमन. उमराण्याच्या बाजार समितीत ट्रॉलीकडे नुसती नजर टाकून गोल्टी किती, पंचावन्न मिलिमीटरच्या वरचा माल किती, पत्तीला डाग कुठे आहे, हे सांगणारा माणूस स्वतःच्या कमरेचा घेर विचारला तर पँटचा जुना नंबर सांगतो, लग्नाच्या वेळचा. भारतीय पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या पुढे गेली की डॉक्टर सावध होतात. याला टेप शेवटचा लावला तो शिंप्याने, आणि हल्ली कपडे तयार मिळतात.

निमित्त नसण्याला जोड मिळते ती काहीच येत नसण्याची. जे येतं तेच चारचौघांत करायचं, असा पुरुषाचा शिरस्ता आहे. पोहायला तो लहानपणी विहिरीत शिकलेला असतो, गाडी उजाड माळावर, भाषण आरशासमोर. वर्ग मात्र पंचेचाळिशीच्या माणसाला सगळ्यांदेखत बालवाडीत बसवतो. 'डावा पाय पुढे, उजवा हात वर, आता वळा' हे ऐकून तो वळतो तेव्हा पंचवीस तोंडं त्याच्याकडे असतात, कारण त्या बरोबर दिशेला वळलेल्या असतात. या प्रसंगावर विज्ञानाने प्रकाश टाकला आहे, तोही झुरळांच्या साहाय्याने. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६९ साली सहकाऱ्यांबरोबर झुरळांची शर्यत लावली. पारदर्शक पेट्यांत बसवलेली दुसरी झुरळं प्रेक्षक होती. वाट सरळ असली की प्रेक्षकांसमोर धावणारं झुरळ एकट्यापेक्षा जास्त वेगाने गेलं. वाट वळणाची केली की तेच प्रेक्षकांसमोर गडबडलं आणि त्याला जास्त वेळ लागला. अंगवळणी पडलेलं काम चारचौघांत चांगलं होतं, नवं काम बिघडतं, हे त्याचं तात्पर्य. वरात ही सरळ वाट. 'डावा पाय पुढे, उजवा हात वर' हा चक्रव्यूह. तिथे शेवटच्या ओळीत जे चाललेलं असतं, त्यात दोष झुरळाचा नाही आणि पुरुषाचाही नाही.

झुरळ दिसलं की बायका किंचाळतात असा एक समज आहे. इथे मात्र कुणी किंचाळत नाही, कारण कुणाचं लक्षच नसतं. पुरुषाला काही ते पटत नाही. २००० साली कॉर्नेल विद्यापीठातल्या गिलोविच आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला. विद्यार्थ्याला एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर बसलेल्या खोलीत पाठवायचं, आणि बाहेर आल्यावर विचारायचं, किती जणांनी पाहिलं असेल? त्याला वाटे, निम्म्यांनी तरी पाहिलं. प्रत्यक्षात पाव भागाच्याही आतच लोकांना त्या शर्टाचा पत्ता होता. मंगल कार्यालयातही गणित वेगळं नसणार. पहिल्या ओळीतलीला ताईचे पाय बघायचे असतात, दुसऱ्या ओळीतलीला पहिलीचे, आणि तिसऱ्या ओळीतली आठ वाजता भरायच्या डब्यात आज भेंडी की गिलके, हे ठरवत असते. जिच्यासाठी तो पोट आत ओढून उभा आहे अशी बाई त्या हॉलमध्ये नाही. हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे, पण पुरुषाला तो अपमानासारखाही वाटू शकतो.

इथे कुणी म्हणेल, बायकांना तरी निमित्त कुठे सुटलं होतं? मंगळागौरीला फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, सूप नाचवणं रात्रभर चाले. दोन तास ओळीने हे केलं तर आजचा प्रशिक्षकही जमिनीवर बसेल, आणि त्यालाही गौरीचं निमित्तच होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर उभ्या राहून गुडघे वाकवत आकाशाला भिडत, ते गौराईच्या नावाने. आक्षेप बिनतोड आहे, आणि तो मी मान्य करतो. बाईलाही निमित्त लागत होतं, किंबहुना जास्तच; श्वास मोकळा सोडायलासुद्धा तिला सणाची वाट पाहावी लागे. पण ती त्यातून लवकर बाहेर पडली याचं कारण काही फार उदात्त नाही. तिच्या शरीराकडे जन्मभर कुणी ना कुणी बघतच आलेलं आहे. रंग, उंची, चालणं, पदर, बाळंतपणाआधी, बाळंतपणानंतर: परीक्षकांची तिला कधी वाण पडली नाही. त्यामुळे वर्गात चार बायकांनी आपल्याला चुकताना पाहिलं, ही तिच्या आयुष्यातली सगळ्यात सौम्य परीक्षा असते. पुरुषाला मात्र पाहिलं गेलं ते कर्तबगारीसकट: अमक्याचा मुलगा, तमक्या सोसायटीचा चेअरमन, इतके एकर, अमुक गाडी. नुसता देह म्हणून, ट्रॅक पँटमध्ये, हुद्द्याशिवाय त्याला कुणी पाहिलेलंच नाही. अठ्ठावीस वर्षांची ताई "काका, उजवा… काका, तो डावा झाला" असं म्हणते, तेव्हा त्याला चुकल्याचं दुःख नसतं. 'काका'चं असतं.

दुसरा आक्षेप मळ्यातून येतो आणि तो वजनदार असतो. आम्ही शेतकरी माणसं; आम्हाला कसला आलाय व्यायाम? हे वाक्य ज्या मांडीवर थाप मारून म्हटलं जातं ती मांडी बहुतेक वेळा मोटरसायकलवर असते. उन्हाळ कांद्याची लागण बघा. वाफ्यात ओणवून, ओळीने, रोपामागून रोप दिवसभर खोचत जाणाऱ्या रांगेत कोण असतं? बायका. गडी असतो बांधावर: रोपांची पाटी आणून देतो, पाणी भरतो, फोन घेतो. नांगरट ट्रॅक्टरने, फवारणी बॅटरीच्या पंपाने. काम कमी झालं म्हणून कुणी त्याला दोष देऊ नये, पण जे बैलांनी आणि बायकांनी केलं ते आपल्या खात्यावर लिहू नये. आणि खरोखर राबणाऱ्याचं काय? कष्टात माणूस एकाच अंगाने झिजतो. कंबर तीच, गुडघा तोच. शेजारच्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने बापाबरोबर विहिरी खोदल्या होत्या. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने नाव वल्हवली, ती काही विहीर खणून आली नाही. लष्करात गेल्यावर पहिल्यापासून, नवशिक्या म्हणून शिकावी लागली. दुष्काळी गावातल्या पोराने पाण्यात चुकायची तयारी ठेवली. देवळ्यातल्या पुरुषाला फक्त फरशीवर चुकायचं आहे.

तिसरा आक्षेप छोटा आहे: हे असलं ताला-सुरातलं लचकणं म्हणजे बायकी व्यायाम, खरा व्यायाम म्हणजे जोर आणि वजनं. वजनं जरूर उचलावीत, जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्यातून दोन दिवस उचला म्हणते. पण बायकी? 'एरोबिक्स' हा शब्द १९६८ साली पुस्तकाच्या नावाने लोकप्रिय केला तो केनेथ कूपर या अमेरिकी हवाई दलातल्या डॉक्टराने. झुंबा काढला कोलंबियातल्या कालीच्या बेतो पेरेसने, म्हणे वर्गात नेहमीची कॅसेट न्यायला विसरला म्हणून. पुढे २००१ साली ज्या दोघांबरोबर त्याने कंपनी काढली त्यांचंही नाव अल्बर्टो, आणि बेतोचं खरं नावही अल्बर्टोच. तीन अल्बर्टो, बाई एकही नाही. पिलाटिस हे तर जोसेफ पिलाटिस नावाच्या जर्मन माणसाचं आडनाव. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला स्थानबद्ध केलं, आणि छावणीतल्या इतर कैद्यांना तो व्यायाम शिकवू लागला. पुरुषांचा गच्च भरलेला वर्ग हवा असेल तर बाहेरून कुलूप लागतं, असा याचा अर्थ मी काढतो.

योगाची गोष्ट थोडी आणखी बघण्यासारखी आहे, कारण तिथे पारडं एकदा उलटं होतं. म्हैसूरच्या राजवाड्यात कृष्णमाचार्य शिकवत तो पुरुषांचा आणि मुलांचा आखाडा. १९३७-३८च्या सुमारास इंद्रादेवी ही परदेशी बाई शिकायला आली, तर आचार्यांनी साफ नकार दिला. महाराजांनी शब्द टाकला तेव्हा कुठे तिला आत घेतलं. बायकांच्या वर्गात शिरणाऱ्या पुरुषाला मात्र महाराजांची चिठ्ठी लागत नाही, फक्त फी लागते. त्याच सुमाराची दुसरी गोष्ट. १९३६ साली उत्तर कर्नाटकाच्या दौऱ्यात काही बायकांनी आसनं शिकायची इच्छा दाखवली. आचार्यांच्या शिष्यांत वयाने सगळ्यात लहान कोण, तर सतरा वर्षांचा अय्यंगार. बायकांना संकोच वाटणार नाही म्हणून त्याला पाठवलं. पुढच्याच वर्षी हा मुलगा पुण्यात डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आला आणि पुढे बी. के. एस. अय्यंगार म्हणून जगभर गेला. म्हणजे बायकांच्या वर्गातला एकटा पुरुष ही गोष्ट काही नामुष्कीची नव्हे, तिच्यातून कुणाचं आयुष्य घडलंही आहे. अर्थात तो शिकवायला गेला होता. शिकवणं हे सगळ्यात भक्कम निमित्त.

चौथा आक्षेप खरा आहे आणि तो बायकांचा आहे. चोवीस तासांत ही चाळीस मिनिटं आमची. दुपट्टा न घेता, पोट न सावरता, पाय कसेही टाकत वावरायची. तिथेही एक बाप्या आणून उभा करायचा? १९८६च्या नोव्हेंबरात घाटापलीकडच्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, आणि घराबाहेर पाऊल टाकायला ज्यांना परवानगी लागत होती अशा बायका अफाट संख्येने तिथे जमल्या. स्वतःची जागा मिळवायला बाईला किती लांबून यावं लागतं, हे या भागाला सांगायला नको. म्हणून एखाद्या वर्गाने पाटीवर 'फक्त महिलांसाठी' लिहिलं, तर पुरुषाने समानतेची कलमं न वाचता संध्याकाळची बॅच शोधावी. जिथे पाटी नाही तिथेही त्याने पाहुण्यासारखं वागावं: शेवटची ओळ, दाराजवळची जागा, मोबाइल पिशवीत. यात माझा तात्त्विक मतभेद काही नाही. माझी भीती वेगळीच आहे. पाहुणा फार दिवस पाहुणा राहत नाही.

क्रिस्टीन विल्यम्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९२ साली परिचारिका, प्राथमिक शिक्षक, ग्रंथपाल अशा बायकांच्या समजल्या जाणाऱ्या व्यवसायांतल्या पुरुषांचा अभ्यास केला. वरच्या जागांकडे जाताना त्या पुरुषांची अडवणूक होत नव्हती. उलट न दिसणाऱ्या काचेच्या सरकत्या जिन्यावर उभं केल्यासारखे ते आपोआप वर ढकलले जात होते. महाराष्ट्राला हा जिना नवा नाही. २०११ साली पंचायतींत बायकांना निम्म्या जागा राखल्या, आणि सरपंचबाईंच्या शेजारची खुर्ची 'सरपंचपतीं'साठी आपोआप राखीव झाली. वर्गातही हेच होणार. पहिल्या महिन्यात तो स्पीकर उचलून ठेवील, 'भाऊ, तेवढं बघा ना' म्हणून. दुसऱ्या महिन्यात ब्लूटूथ त्याच्या मोबाइलला जोडलेलं असेल. तिसऱ्या महिन्यात हॉलचं भाडं कमी करून घ्यायला तोच जाईल, व्हॉट्सॲप गटाचा ॲडमिन होईल, योगदिनाच्या कार्यक्रमात व्यासपीठावर ताईच्या शेजारी सत्काराची शाल त्याच्या खांद्यावर पडेल. आणि मग तो खूश होईल, वेळेवर येऊ लागेल, लाज पार पळून जाईल. व्यायाम येऊ लागला म्हणून नव्हे. हुद्दा मिळाला, निमित्त मिळालं! स्पीकरजवळ उभं राहावं लागत असल्यामुळे व्यायाम मात्र बंद पडलेला असेल.

यातून त्याला वाचवणारं एकच निमित्त आजवर सापडलं आहे, आणि ते दवाखान्यात मिळतं. रक्ताच्या अहवालात साखर जेवणाआधी एकशे साठ आली, की डॉक्टर म्हणतात, रोज घाम निघाला पाहिजे. आणि त्या कागदाची घडी खिशात घालून माणूस ताठ मानेने वर्गाला जातो. बायका बहुधा कागद येण्याआधीच येतात. पुरुष कागद घेऊन येतो, पासपोर्टसारखा. पाच कंदीलवर कुणी हटकलं तर "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढं म्हटलं की टपरी गप्प होते, कारण टपरीवरच्या उरलेल्या दहांपैकी चौघांच्या खिशात तशीच घडी असते आणि ती त्यांनी अजून उघडलेली नसते. मग एखाद्या सकाळी, सहाला पाच मिनिटं कमी असताना, लागणीच्या दिवसांतली थंडी पडलेली असते, शिक्षिका परीक्षेच्या कामात आणि सुना माहेरी गेलेल्या असतात, हॉलमध्ये जेमतेम आठजणी असतात. ताई स्पीकर लावता लावता पाठमोरीच विचारते, "सगळ्या आल्या का?"

आणि दाराजवळून, जरासा घसा खाकरून, भरड्या आवाजात उत्तर येतं, "दोघी राहिल्यात अजून. बाकी आल्या आपण."